ट्रकच्या आधी सबस्टेशनचं बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात इलेक्ट्रिक ट्रकच्या सबसिडीची बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पारोळा तालुक्यातला, घरची आठ एकर, कापूस आणि मका, आणि भावाबरोबर दोन डिझेल ट्रक, इंदूर-सुरत लाईन करतो, सीझनला सावदा-रावेरची केळी भरतो. केंद्राने पीएम ई-ड्राइव्हमध्ये (इलेक्ट्रिक गाड्यांच्या सबसिडीची योजना) ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेत, एका गाडीला जास्तीत जास्त ९.६ लाख, जुना ट्रक भंगारात दिल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, हे सगळं समजलं. पण ती गाडी चार्ज कुठे करायची आणि त्या जागी लाईट येणार कुठून, यावर बातमीत एक ओळ नव्हती.

जरा शेतकऱ्याच्या हिशोबात सांगतो. ५ एचपीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॅट. मोठ्या ट्रकचा फास्ट चार्जर २४० किलोवॅटचा, म्हणजे एक ट्रक चार्जिंगला लागला की ६४ मोटारी एकदम चालू केल्यासारखं झालं. आमच्या शिवारात १०० केव्हीएच्या डीपीवर (शिवारातला छोटा ट्रान्सफॉर्मर) वीस-बावीस मोटारी आहेत तर ती रब्बीत हुंहुं करते. असे वीस चार्जर एका जागी लावले आणि सगळे भरले तर ४.८ मेगावॅट, आणि खेड्यातल्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला ५ एमव्हीएचा (म्हणजे जेमतेम तेवढ्याच मेगावॅटचा) ट्रान्सफॉर्मर असतो बऱ्याच ठिकाणी, म्हणजे आख्खं सबस्टेशनच गेलं! वडिलांना हे सांगितलं तर ते अहिराणीत म्हणाले, "हाऊ एकलाच आख्खा गावनी लाईट पी जाई रे." हसलो खरं, पण चुकीचं काय बोलले? आणि पुढे मेगावॅट चार्जिंग नावाचा प्रकार येतोय, त्याची मर्यादा एका गाडीला ३.७५ मेगावॅट आहे.

आता कोणी म्हणेल वीज काय कमी आहे का खान्देशात. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रात ५००-५०० मेगावॅटचे संच आहेत, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचं सोलर, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या, औरंगाबादहून धुळ्याला ७६५ केव्हीची लाईन आलीय. सगळं खरं. पण ती लाईन आपल्या डोक्यावरून जाते, ढाब्यावर उतरत नाही. ७६५ चं ४०० करा, मग २२०, १३२, ३३, असं पायरी पायरीने खाली आणावं लागतं आणि प्रत्येक पायरीला जमीन, टॉवर, परवानगी, शेतकऱ्याचा मोबदला, एखादी कोर्टकेस. चार्जर सहा महिन्यात बसेल हो, पण त्याच्यामागचं सबस्टेशन न् लाईन व्हायला वर्षं जातात. फागणे-तरसोद हायवे चौपदरी व्हायला किती वर्षं गेली ते आम्ही धूळ खात पाहिलंय (धुळ्याची धूळ, वेगळं काय सांगू).

आमचंच सांगतो, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत शिवारातली डीपी जळाली, अकरा दिवस लागले बदलायला, तेपण वर्गणी काढून ट्रॅक्टरने आम्हीच वाहून आणली, हरभरा गेला तो गेला. एका डीपीला अकरा दिवस लागतात आणि हे म्हणतात चार्जिंग हब करू. म्हणून पहिली मागणी ही की ट्रकचा लोड शेतीच्या फीडरवर (सबस्टेशनहून शेतीला येणारी लाईन) टाकू नका, त्याला ३३ केव्हीची स्वतंत्र लाईन द्या, नाहीतर रात्री थ्री फेज आमची जाईल आणि शिव्या ड्रायव्हरला पडतील.

दुसरं म्हणजे जागा. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या गाईडलाईनमध्ये लिहिलंय की अवजड गाड्यांसाठी हायवेवर दोन्ही बाजूंना दर १०० किलोमीटरला फास्ट चार्जिंग पाहिजे. फूटपट्टी लावून ठीक आहे, पण ट्रक काही फूटपट्टीने थांबत नाही. लोड भरलेली गाडी किलोमीटरला सव्वा-दीड युनिट खाते आणि बॅटरी २५०-३०० युनिटची, म्हणजे दोनशेच्या आसपास किलोमीटर. आता बघा, सुरतहून निघालेल्या गाडीची बॅटरी कोंडाईबारी घाट चढून धुळ्यात येईपर्यंत रिकामी, इंदूरहून निघालेलीची शिरपूर-धुळे येता येता रिकामी. (बिजासन घाटाच्या उतारावर ई-ट्रकची बॅटरी थोडी परत भरते म्हणे, आमच्या डिझेल गाडीला तिथे फक्त ब्रेकचे लायनर तापल्याचा वास येतो.) जुना ३ नंबर हायवे, जुना ६ नंबर आणि सोलापूरचा जुना २११, तिघं धुळ्यात येऊन मिळतात. म्हणजे चारी बाजूच्या गाड्या इथेच भुकेल्या होणार, हे समजायला इंजिनिअर लागत नाही, कुठल्याही क्लीनरला विचारा. ४०० केव्ही धुळ्याच्या उंबऱ्यावर आहे, मग मोठा हब इथे आणि शिरपूरला, बाकी ठिकाणी छोटे.

तिसरी गोष्ट वेळेची. त्याच गाईडलाईनमध्ये सकाळी ९ ते ४ चार्जिंग स्टेशनला वीज स्वस्त, बाकी वेळ महाग ठेवलीय, सोलर दिवसा जास्त असतं म्हणून. चांगलंय. पण आमची गाडी दिवसभर चालते, केळीचा माल संध्याकाळी भरून निघतो आणि ड्रायव्हर जेवायला थांबतो रात्री ८ ते १०, म्हणजे नेमकं जेव्हा घराघरात लाईट-पंखे चालू आणि सूर्य घरी गेलेला. त्यामुळे हबवर बॅटरी साठा पाहिजेच, दुपारी साक्रीच्या सोलरने भरा, रात्री ट्रकला द्या. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत ड्रायव्हर तसाही लिंबाखाली आडवा होतो, तेव्हा गाडी लावायला तो तयार आहे, फक्त सावली, पाणी आणि संडास द्या, नुसता चार्जर ठेवून कोणी दीड तास उन्हात थांबणार नाही. आणि त्या उन्हात ट्रान्सफॉर्मर पण तापतो, त्याची ताकद पाटीवर लिहिलेली धरू नका.

माझा एक ट्रक २००९ चा आहे, भंगारात घालायला मी आज तयार आहे. भाऊ म्हणतो आधी शिरपूरला चार्जर दिसू दे. तुमचा बातमीदार धुळे-जळगावच्या वीज ऑफिसात पाठवून एवढंच विचारा की पुढच्या पाच वर्षांच्या लोडमध्ये ट्रक धरलेत का, आणि धरले असतील तर कोणत्या सबस्टेशनवर, नावासकट छापा.

आपला नेहमीचा वाचक,
एक ट्रकवाला शेतकरी, ता. पारोळा, जि. जळगाव