रंग खरवडण्याआधी विचारणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सलाम.

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी दुरुस्त होऊन चालू झाली त्या दिवशी तुम्ही हात धुतले, चहा घेतला आणि निघून गेलात. आभार राहूनच गेले. तोंडावर म्हटले असते तर "कामच आहे आपलं" म्हणून तुम्ही विषय उडवून लावला असता, म्हणून हे लिहून, चारचौघांत.

तुमच्या आधी गाडी ज्यांच्या हातात होती त्यांचं नाव घेत नाही. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" (जमलं तर जमलं, नाही तर सोडून द्यायचं) हे आपण हसण्यावारी नेतो, त्यांनी मात्र ती कामाची पद्धतच करून टाकली होती. हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं) उडालं की नवं पॅकिंग टाकायचं. हेड सपाट आहे का हे पटरी लावून बघायचं नाही. फियाटच्या या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत, आणि इंजिन एकदा जोरात उकळलं की बहुतेक वेळा हेड वाकतं. वाकलेल्या हेडखाली कितीही पॅकिंग बदला, पाणी ऑइलमध्ये उतरणारच आणि ऑइल बघायच्या डिपस्टिकवर दुधाचा चहा दिसणारच. त्यावर त्यांचा इलाज काय, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून फेकायचा, "आपल्याकडं गरमी लई" म्हणून. थर्मोस्टॅट नसला की डिसेंबरात इंजिन धड तापत नाही, चोक ओढून ठेवावा लागतो आणि जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. उन्हाळ्यातला त्रास तो तसाच राहतो, कारण त्याचं मूळ थर्मोस्टॅटमध्ये नव्हतंच.

मूळ होतं बोअरच्या पाण्यात. हे तुम्ही रेडिएटरच्या तोंडात बोट घालूनच सांगितलंत. आपल्या भागातल्या बोअरला क्षार इतके की बादलीच्या कडेला पांढरं साचतं, मग तेच पाणी वर्षानुवर्षं तापत राहिलं तर ब्लॉकच्या आत काय होत असेल? तुम्ही ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग, म्हणजे पत्र्याची बुचं, काढले आणि आतून गंज, क्षार आणि गाळाचा लगदा तारेने खरवडून काढलात. सगळ्यात जास्त निघाला मागच्या, चौथ्या सिलेंडरजवळ. पंप पुढे, त्यामुळे मागे पाण्याचा जोर कमी आणि गाळ तिथेच बसतो. बाहेरून कितीही फ्लश मारला तरी तो हलत नाही. आता आत डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं आहे, आणि थर्मोस्टॅट जागेवर.

हेडचं काम तुम्ही लेथवर पाठवलंत, पण पाठवण्याआधी आणि आल्यावर स्वतः तपासलंत. पटरी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून, खालून ०.०५ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातं का ते पाहिलंत. नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, ठरलेल्या जोराने कसणाऱ्या टॉर्क पान्न्यानेच कसलेत. यावर जास्त लिहीत नाही. चांगला मिस्त्री हे करतोच, असं तुम्हीच म्हणाल. (सगळे करत नाहीत, उस्ताद.)

गिअरबॉक्स जोडतानाची तुमची घाई न करणं मात्र लिहायलाच हवं. चेनपुलीवर इंजिन लटकलेलं, सगळे ढकलायला उतावीळ, आणि तुम्ही गिअरबॉक्सचं वजन जॅकवर तोलून धरून बसलेले. शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अर्धवट शिरलेला असताना गिअरबॉक्स सोडून दिला तर सगळा भार प्लेटच्या मधल्या भागावर येतो, तो वाकतो, आणि मग क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना करकर होते आणि लोक गिअरबॉक्स उघडत बसतात.

पण हे पत्र ज्यासाठी लिहितोय ती गोष्ट यापेक्षा फार लहान आहे.

बॉनेटखालचा सगळा पत्रा रेड ऑक्साइडपासून नव्याने रंगवलेला होता. इंजिन बसलं, होज पाइप लागले, वायरिंग आलं. मग तुम्ही पॉलिश पेपरचा तुकडा हातात घेतलात, थांबलात आणि म्हणालात, "इथला रंग रुपयाएवढा खरवडावा लागायलाय. खरवडू का?"

विचारण्याची तुम्हाला गरज नव्हती. ते काम टाळताच येत नाही. इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. बॅटरीची मायनस बॉडीला, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) इंजिनावर. सेल्फला लागणारा शंभरच्या वरचा अँपिअर परत फिरायला इंजिन ते बॉडी अशी तांब्याची विणलेली पट्टी लागते, आणि ती कोऱ्या पत्र्याला टेकावी लागते. रंगावरच कसली तर करंट चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो. तार तापून धूर येतो, सेल्फ कण्हतो आणि बिचाऱ्या सेल्फला नाहक खोलतात. नव्या रंगाच्या गाडीत हा घोळ हमखास होतो.

हे सगळं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत, हो म्हटल्यावरच पेपर लावलात. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलंत, दातेरी वायसर घालून बोल्ट कसलात, वरून व्हॅसलिन लावलंत आणि उघड्या राहिलेल्या कडेला ब्रशने रंगाचा हात फिरवलात, गंज आत शिरू नये म्हणून. मग मीटरची एक पिन ब्लॉकला, एक बॅटरीच्या मायनसला लावून सेल्फ मारायला सांगितलंत. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक, वर गेलं तर सांधा पुन्हा उघडायचा. तसं काही करावं लागलं नाही.

त्याच गाडीच्या डॅशबोर्डामागच्या पत्र्याला आधीच्या मंडळींनी हॉर्नच्या वायरीसाठी थेट ड्रिल मारलं होतं. ना विचारलं, ना भोकाला रबरी बुश घातला. पत्र्याच्या धारेने वायरीचं आवरण कापलं गेलं होतं, ते तुम्हीच दाखवलंत.

इंजिन उघडं पडलं की मालक पार मिस्त्रीच्या मर्जीवर असतो. काहीही सांगा, मान डोलावतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद होऊन पाव शतक होत आलं, पार्ट दहा ठिकाणी शोधावे लागतात, त्यामुळे "मिळत नाही, जुगाड करू" म्हटलं की विषय संपतो. अशा वेळी काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत देणारा, मजुरी आधी सांगणारा, दुसऱ्याच्या रंगाला हात लावण्याआधी विचारणारा माणूस भेटला की गाडीपलीकडचंही काहीतरी दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. तुम्हाला हे वाचून अवघडल्यासारखं होईल, त्याला इलाज नाही.

मे महिन्याची काळजी तुम्ही आधीच घेऊन ठेवली आहे. पेट्रोल पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड बेकलाइटचा तुकडा मूळ मापाचाच ठेवलात, पातळ केला नाहीत. तो पातळ झाला तर पंपाच्या दांडीची चाल बदलते, शिवाय ब्लॉकची उष्णता पेट्रोलला लागून पाइपात वाफ धरते. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही सगळे बदललेत, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने ते फुगून तडकतात म्हणून.

पाचशे किलोमीटर होत आलेत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गार इंजिनावर हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा बघायचेत आणि मग टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट. सवडीने या. तुमचा १०-११चा पान्ना बॅटरीच्या ट्रेखाली सापडलाय, पुसून ठेवलाय.