हिमस्खलन काही अचानक होत नाही

मा. संपादक, स. न.

कालच्या पुरवणीतला गुलमर्गचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखरामागे कोऱ्या बर्फावर स्कीइंग करायला काय मजा येते यावर अर्धं पान, आणि हिमस्खलनावर एकच वाक्य, तेही "निसर्ग कधीकधी अचानक कोपतो" असं. अचानक कसलं? बर्फ थराथरांनी साचतो, खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत झालेला असला आणि वरून रात्रीत फूट-दीड फूट ताजा बर्फ पडला, त्यात वाऱ्याने आणखी आणून टाकला, की ३०-४५ अंशांचा उतार माणसाच्या वजनानेसुद्धा सुटतो. स्कीइंग करणारे दगावतात तेव्हा बहुतेक वेळा तो उतार त्यांच्याच ग्रुपच्या वजनाने सुटलेला असतो.

मागच्या वर्षी आम्ही इथल्याच एका टूरवाल्याकडून तिथे गेलो होतो. रात्रभर बर्फ पडलेला, सकाळी लख्ख ऊन. गंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, वरच्या स्टेशनवरून गाईड आम्हाला स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाच्या, हद्दीबाहेर घेऊन निघाला. थोडं पुढे गेलो तर पायाखालून धप्प असा दबका आवाज आला, बर्फ खचल्यासारखा. हा आवाज म्हणजे खालचा थर बसला, तिथून मागे फिरायचं असतं. मी विचारलं आजचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन काय आहे, तर गाईड म्हणे "कुछ नहीं होता साहब, रोज़ जाते हैं". बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायला लागणारं सिग्नलचं यंत्र) कोणाकडेच नाही, फावडं एक, तेही गाईडचं. मी आणि माझा भाचा परत फिरलो, बाकीचे गेले, सुदैवाने सुखरूप आले. पुण्यात येऊन त्या दिवसाचे पैसे मागितले तर टूरवाला म्हणतो तुम्हीच घाबरलात त्याला आम्ही काय करणार. पैशांचं जाऊ दे हो, पण घाबरलात म्हणतो याचा संताप अजून जात नाही.

त्याच अफरवटवर १ फेब्रुवारी २०२३ ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गलाच एक रशियन स्कीअर दगावला. एप्रिल २०२३ मध्ये सिक्कीममधल्या नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले, परवानगी १३व्या मैलापर्यंत होती आणि लोक १५व्या मैलापर्यंत पोचले होते. यातलं एकही तुमच्या लेखात नाही. डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिवाळ्यात जिल्ह्यांप्रमाणे धोक्याची पातळी जाहीर करते हेही नाही. ती पातळी अख्ख्या जिल्ह्याची असते, समोरच्या उताराचं काय ते तिथे उभं राहूनच बघावं लागतं, आणि सह्याद्रीत कितीही गड चढलेल्या आपल्या पोरांना ते येत नाही कारण इथे बर्फच नाही. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबतच्यांनीच उकरून काढलं तर तो वाचायची आशा असते, खालून मदत येईपर्यंत फार उशीर होतो. म्हणून बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरायचा सराव आदल्या दिवशी करून घ्यायला हवा. बुकिंग करताना काय विचारायचं एवढी एक चौकट तरी पुढच्या रविवारी छापा, कारण जानेवारीची बुकिंगं आत्ताच चालू आहेत.

आणि लेखासोबतचा फोटो गुलमर्गचा नाही, युरोपातल्या कुठल्यातरी रिसॉर्टचा आहे. फोटो तरी बघून छापत जा.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे