रुंदीकरण राहू द्या, आधी सिग्नलजवळचा रस्ता मोकळा करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. शहराच्या मध्यभागी ट्रॅफिक तुंबला की सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय, रस्ता रुंद करा नाहीतर उड्डाणपूल बांधा. पण जिथे दर तीनचारशे मीटरवर सिग्नल आहे तिथे मधला रस्ता कितीही रुंद केला तरी जास्त गाड्या जाणार नाहीत, कारण किती गाड्या जाणार हे ठरतं सिग्नलच्या रेषेवर. मधे फक्त जास्त गाड्या उभ्या राहतील, एवढंच.

हिशेब करून बघा. हिरवा लागला की एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदाला एक कार रेषा ओलांडते, म्हणजे दिवा सतत हिरवा राहिला तर तासाला 1800. पण तो सतत हिरवा नसतो ना, समजा 120 सेकंदांच्या फेरीत आपल्या वाट्याला 40 सेकंद आले, तर एका फेरीत 20 गाड्या आणि तासाला 30 फेऱ्या, झाल्या 600. दोन लेन असतील तर 1200. (दुचाक्या जास्त असतील तर आकडे बदलतील, रीत तीच.) आता रेषेच्या जरा अलीकडे कुणीतरी "आलोच दोन मिनिटात" म्हणत इंडिकेटर लावून गाडी उभी केली की एक लेन संपली, परत 600 वर आलो. निम्मी क्षमता एका गाडीने खाल्ली आणि वर आपणच म्हणायचं की रस्ता अरुंद आहे!

मग किती जागा मोकळी हवी? 40 सेकंदात एका लेनमधून 20 गाड्या सुटणार, लाइनमध्ये एका गाडीला सहासात मीटर लागतात, म्हणजे रेषेपासून मागे सव्वाशे-दीडशे मीटर. एवढ्या तुकड्यात पार्किंग नको, माल उतरवणारे टेम्पो नकोत, बसस्टॉप पण नको. बसस्टॉप चौक ओलांडून पुढे न्यायचा, नाहीतर हिरवा लागलेला असताना बस प्रवासी घेत उभी आणि मागची अख्खी लाइन बघत बसलेली. चौकापलीकडचा थोडा भागही मोकळा हवा, निघालेल्या गाड्यांना शिरायला जागा पाहिजे. या पट्ट्यांच्या बाहेर मधे पार्किंग ठेवलं तरी तेवढं बिघडत नाही, तेव्हा दुकानदारांनी लगेच घाबरायचं कारण नाही. मात्र चौक अगदी जवळजवळ असतील तिथे पार्किंगला जागाच उरणार नाही आणि ते लोकांना सरळ सांगून टाकावं, माल रात्री किंवा पहाटे उतरवावा.

फुटपाथ हा पण ट्रॅफिकचाच विषय आहे हे आपल्या लक्षात येत नाही. फुटपाथवर चालायला जागा नसली की माणसं रस्त्यावर उतरतात आणि कडेची लेन आपोआप बंद होते, मग ती लेन नकाशात असून काय उपयोग. चौकात पुढे जागा नसताना घुसणाऱ्यांचंही तेच, आडव्या दिशेला हिरवा लागून वाया जातो. यासाठी ब्रिटनमध्ये 1967 पासून चौकात पिवळ्या जाळीचे पट्टे आहेत, पुढे जागा असेल तरच आत शिरायचं. रंग मारणं सोपं आहे हो, दंड कुणी करत नाही.

पार्किंगबद्दल अजून एक. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी 1927 ते 2001 मधल्या गजबजलेल्या डाउनटाउनच्या पाहण्या एकत्र केल्या तर सरासरी 30 टक्के ट्रॅफिक निव्वळ पार्किंग शोधत फिरणारा निघाला. पाहण्यांमध्ये फरक खूप आहे, तरी रस्त्यालगतचं पार्किंग फुकट ठेवलं की गाड्या घिरट्या घालणारच. गाड्या शहरात येण्यावरच पैसे लावणं हा पुढचा उपाय, सिंगापूरने 1975 मध्ये, लंडनने 2003 मध्ये केला. स्टॉकहोमने 2006 मध्ये काही महिने प्रयोग केला, पैसे लावलेल्या हद्दीतून जाणारी वाहनं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली, मग लोकांचं मत घेऊन 2007 मध्ये ते कायम केलं. पण त्याआधी बस चांगली पाहिजे. वरच्याच 600 गाड्यांच्या लेनमधून, कारमागे दीड माणूस धरला तर 900 माणसं जातात, त्याच लेनमधून मिनिटाला एक बस आणि बसमध्ये 40 जण धरले तर 2400, तरी आपण गाड्याच मोजत बसतो.

माझी मागणी छोटी आहे. रुंदीकरणाचं टेंडर काढण्याआधी गर्दीच्या वेळी प्रत्येक सिग्नलवर एक माणूस उभा करा, हिरव्यात एका लेनमधून किती गाड्या रेषा ओलांडतात ते मोजा. 20 च्या जागी 11 निघत असतील तर उरलेल्या 9 कशामुळे अडल्या हे त्याला तिथेच उभ्याउभ्या दिसेल, त्याची यादी करून छापा.

आपला,
एक नियमित वाचक