नडगीवरची गाठ रुग्णाला उभे करून तपासावी

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील धावपटूंच्या दुखापतींवरील लेख उपयुक्त होता, मात्र त्यात स्नायूच्या हर्नियाचा उल्लेख राहून गेला. हर्निया म्हटले की आपल्याला पोट आणि जांघच आठवते; परंतु गुडघ्याखालील स्नायूंना लपेटणाऱ्या चिवट आवरणाला छिद्र पडले किंवा ते विरले, तर आतला स्नायू तिथून बाहेर फुगतो आणि नडगीच्या पुढच्या बाजूला मऊ गाठ दिसू लागते.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या माझ्या भाच्याला अशी गाठ आली, तेव्हा ती चरबीची असल्याचे सांगण्यात आले. सोनोग्राफीतही काही सापडले नाही, आणि सापडणार तरी कसे? तपासणी त्याला आडवे झोपवून केली होती आणि झोपल्यावर ही गाठ बहुधा आत जाते. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याला उभे करून, पाऊल वर उचलायला लावून तीच तपासणी केली, तेव्हा आवरणातील छिद्र आणि त्यातून डोकावणारा स्नायू पडद्यावर स्पष्ट दिसला.

यातील बहुतेक गाठींना शस्त्रक्रिया लागत नाही. विश्रांती, सरावात बदल आणि घट्ट लवचीक मोजे एवढ्यावर भागते. दुखणे हटत नसेल किंवा छिद्राशी नस दबून पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येत असतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. फाटलेले कापड शिवावे तसे छिद्राच्या कडा ओढून शिवणे हा उपाय कोणालाही सहज सुचेल, पण इथे तोच घातक ठरू शकतो, कारण आवरणाच्या आतल्या, आधीच घट्ट असलेल्या कप्प्यातील दाब वाढून स्नायूंचा व नसांचा रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत स्नायू मरू लागतात आणि पाऊल कायमचे लुळे पडण्याची भीती असते. म्हणूनच अनेक शल्यचिकित्सक छिद्र बुजवण्याऐवजी आवरण उभे चिरून आणखी मोकळे करतात (ऐकायला हे उलटेच वाटते), तर काही जण ताण न देता जाळी किंवा मांडीच्या आवरणाचा तुकडा बसवतात.

शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वी “छिद्र शिवणार की आवरण मोकळे करणार?” हा प्रश्न रुग्णाने विचारायलाच हवा. पुरवणीच्या पुढील अंकात एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा