हिरवी खूण आणि वगळलेली डिस्क : बॅकअप सॉफ्टवेअरबाबत तक्रार

मार्केट यार्ड, सांगली

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

विषय : आपल्या व्हर्च्युअल मशीन बॅकअप सॉफ्टवेअरमधील रिस्टोअरच्या (बॅकअप परत आणण्याच्या) पडद्यांबाबत, तसेच परस्पर बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत.

महोदय,

आमची हळदीची अडत पेढी आहे. दोन सर्व्हर, त्यांवर व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक संगणक चालवणारे सॉफ्टवेअर), आणि त्यात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, एवढाच आमचा पसारा. त्यातले एक हिशेबाचे. हंगामात सौदे संपले की शेतकऱ्याची पट्टी याच मशीनवरून निघते; हमाली, तोलाई, अडत वजा होऊन हातात किती पडणार हे कळल्याशिवाय माणूस यार्डातून हलत नाही. कर्नाटकातून माल घेऊन आलेला शेतकरी तर नाहीच नाही.

सॉफ्टवेअर घेण्यामागे कारण होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या दुकानातला संगणक त्यात गेला आणि वह्यांवरून हिशेब पुन्हा बसवताना काय होते ते आम्ही पाहिले. २०२१ ला पुन्हा पाणी आले. त्यानंतर सर्व्हर वरच्या मजल्यावर गेले आणि तुमचे सॉफ्टवेअर आले. रोज रात्री १ वाजता बॅकअप होतो, फक्त बदललेले ब्लॉक उचलले जात असल्याने काही मिनिटांत उरकतो, एक प्रत दुसऱ्या गावी जाते. याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती घेतलेला बॅकअप परत मागताना जे पडदे समोर येतात त्यांची.

या हंगामात हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट मध्येच अडकले आणि डेटा फाइल उघडेना. आदल्या रात्रीचा बॅकअप परत आणायचा, इतके साधे काम. तुमचा पडदा उघडल्यावर पहिल्यांदा दिसते ते एक मोठे रंगीत वर्तुळ, किती टक्के जॉब (ठरवून दिलेली बॅकअपची कामे) यशस्वी झाले ते सांगणारे. डावीकडच्या मेनूत जॉब, रिपॉझिटरी, रिपोर्ट, लायसन्स सगळे आहे. रिस्टोअर नाही. ते मिळते कुठे? आधी बॅकअपची यादी उघडायची, त्यातला जॉब उघडायचा, त्यातल्या मशीनवर उजवे क्लिक करायचे, आणि मग उपमेनूत. नवा जॉब तयार करण्याचे बटण मात्र प्रत्येक पानावर वर उजवीकडे ठळक निळे. जॉब आम्ही एकदा तयार केला तो केला. घाईत, फोन वाजत असताना, बाहेर माणसे ताटकळत असताना जे बटण लागते ते तुम्ही उपमेनूत ठेवले आहे.

मशीनच्या यादीत आमचे हिशेबाचे मशीन दोनदा दिसले. नाव तेच, चिन्ह तेच. मध्यंतरी एक सर्व्हर बदलताना ते मशीन दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा नोंदवले होते. तसे केले की व्हीएमवेअर त्याला नवा अंतर्गत क्रमांक देते आणि तुमचे सॉफ्टवेअर क्रमांकावरून ओळखत असल्याने त्याला नवेच मशीन समजते. तांत्रिकदृष्ट्या यात चूक नाही, हे मान्य. पण माणूस नावावरून ओळखतो. जुन्या नोंदीपुढे ‘शेवटचा बॅकअप अमुक तारखेला’ एवढे लिहिले असते तर कोणती उघडायची हा प्रश्नच आला नसता.

आता तारखांकडे वळतो. ४ एप्रिलच्या पहाटे १ वाजता घेतलेला बॅकअप तुमच्या रिस्टोअरच्या यादीत ‘०४/०३, ७:३० पीएम’ असा दिसतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून तारीखही एक दिवस मागे. आणि वर महिना आधी, दिवस नंतर ही अमेरिकी रीत. सांगलीत बसून वाचणारा कोणीही याला ४ मार्चची संध्याकाळ म्हणेल. आमच्या जॉबच्या पानावर मात्र हीच वेळ भारतीय वेळेत बरोबर दिसते. म्हणजे रूपांतर करणे तुम्हाला जमते, फक्त जिथे चुकीचा दिवस निवडला तर महिनाभराचे हिशेब मागे जातील तिथे ते केलेले नाही. सेटिंगमध्ये टाइम झोन आहे, तो आम्ही पहिल्याच दिवशी भरला होता. रिस्टोअरचे पान त्याला विचारतच नाही.

यापुढचा भाग गंभीर आहे.

रिस्टोअरच्या विझार्डमध्ये, म्हणजे पायरीपायरीने पुढे नेणाऱ्या पानांत, ‘मूळ जागी परत आणा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याचा अर्थ, चालू मशीन त्याच्या सगळ्या डिस्कसकट पुसायचे आणि बॅकअपमधले तिथे बसवायचे. हे वाक्य फिक्या करड्या अक्षरांत खाली आहे. नव्या नावाने वेगळ्या जागी उतरवण्याचा पर्याय ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दामागे दुमडून ठेवला आहे. शहाणा माणूस आधी वेगळे उतरवून बघतो, मग जुन्याला हात लावतो; तुमच्या पडद्यावर उलटे आहे. बरे, तो पर्याय उघडला तर तिथे ‘लगेच चालू करा’ आणि ‘नेटवर्क जोडा’ या दोन्हींवर खुणा. तसेच पुढे गेलो असतो तर एकाच आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) दोन मशीन एका नेटवर्कवर उभी राहिली असती आणि काट्यावरचे वजन कोणत्या मशीनला जाते आहे हे शोधत बसलो असतो.

शेवटचे बटण दाबण्याआधी आमच्या कार्यालयातल्या मुलीने सारांशाचे पान वाचले. त्यात डिस्कची संख्या एक होती. मशीनला डिस्क दोन आहेत. दुसऱ्या डिस्कवर शेतकऱ्यांच्या पावत्या आणि ट्रकच्या बिल्टीचे स्कॅन असतात. शोध घेतल्यावर कळले की सर्व्हर बसवणाऱ्याने ती डिस्क ‘इंडिपेंडंट’ प्रकारची ठेवली होती. अशी डिस्क व्हीएमवेअरच्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे ज्यावरून बॅकअप घेतला जातो त्या क्षणचित्रात, येत नाही, त्यामुळे तुमच्या बॅकअपमध्येही ती कधीच नव्हती. आणि इतका काळ रोज सकाळी आम्हाला काय दिसत होते? हिरवी खूण, ‘यशस्वी’. वगळलेल्या डिस्कची नोंद होती, नाही असे नाही. जॉबच्या तपशिलाच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात, आमच्या १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर आडवे सरकवल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी. रोजच्या ई-मेलमध्ये तर तिचा उल्लेखही नाही.

दोन्ही गोष्टी जोडून पाहा. जी डिस्क बॅकअपमध्ये नाही तिला हिरवी खूण, आणि जो पर्याय ती डिस्क पुसतो तो आधीच निवडलेला. तुमच्या पडद्याने सुचवलेल्या वाटेने सरळ ‘पुढे, पुढे’ करत गेलो असतो तर स्कॅनची एकुलती प्रत आम्ही तुमच्याच सॉफ्टवेअरने नष्ट केली असती, आणि शेवटी पुन्हा ‘यशस्वी’ असेच वाचले असते.

सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवात साठवत. माल वर्षानुवर्षे टिके, आणि कोणत्या पेवात कोणाची किती पोती आहेत हे पक्के ठाऊक असे. तुमच्या पेवात किती पोती उतरली हेच पडदा नीट सांगत नाही.

विझार्ड चालू असताना फोन घ्यावा लागला आणि सत्र संपले, सगळी पाने पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली, याची वेगळी तक्रार करत नाही. राग आला होता, इतकेच नोंदवतो.

हे सगळे आम्ही पडद्यांच्या चित्रांसह आपल्या मदत विभागाला कळवले. उत्तर आले की सॉफ्टवेअर रचनेनुसारच चालते आहे, माहितीपुस्तिका पाहावी, आणि तक्रार बंद. पुस्तिकेत इंडिपेंडंट डिस्कबद्दल लिहिले आहे, ते आम्ही वाचले. प्रश्न असा आहे की सॉफ्टवेअरला जे माहीत आहे ते त्याने पहिल्या पानावर का सांगू नये. वगळलेली डिस्क असेल त्या जॉबला पिवळी खूण द्यायला कोणते मोठे संशोधन लागते?

आमच्या मागण्या अशा. एकही डिस्क सुटली असेल तर जॉब ‘यशस्वी’ म्हणू नका, आणि तसे रोजच्या ई-मेलच्या विषयातच येऊ द्या. रिस्टोअर करताना वेगळ्या जागी उतरवणे हा आधीच निवडलेला पर्याय असावा, नेटवर्क न जोडता. मूळ मशीन पुसायचेच असेल तर जाणाऱ्या प्रत्येक डिस्कचे नाव दाखवून त्या मशीनचे नाव टाइप करायला लावा. रिस्टोअरच्या यादीत वेळ भारतीय असावी आणि महिना अक्षरांत. डावीकडच्या मेनूत रिस्टोअर हा शब्द असावा. बाकीचे तुमच्या सवडीने.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे आयोगाकडे जाण्याची धमकी देत नाही. मात्र वार्षिक नूतनीकरणाचे आपले बिल आमच्या टेबलावर आहे. यातली कोणती सुधारणा कोणत्या आवृत्तीत येणार हे लेखी कळेपर्यंत ते तसेच राहील. पिवळ्या खुणेचे काम पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू नये. तोवर निदान वगळलेल्या डिस्क असलेल्या सर्व ग्राहकांना एक ई-मेल पाठवावा. यार्डातल्या आणखी काही पेढ्यांनी आमच्या सांगण्यावरून हेच सॉफ्टवेअर घेतले आहे. त्यांना डिस्क मोजून घ्यायला आम्ही सांगितले आहे, पण ते काम खरे तर आपले.

उत्तर ई-मेलवर द्यावे. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे ऐकायची इच्छा नाही.

कळावे,

आपला,
हिशेब व संगणक विभाग,
हळद अडत पेढी, सांगली

सोबत : पडद्यांची चित्रे, बंद केलेल्या तक्रारीची प्रत