फी माफ झाली, कॉलेज मात्र मिळवायचे आहे

बार्शी,
रविवार, रात्री

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू फिजिक्सच्या घटक चाचणीत २५ पैकी ९ गुण मिळाल्याचे सांगितलेस आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच पुढे म्हणालीस, “अगं आई, अकरावीला कोण विचारतं? कॉलेजचीच तर परीक्षा आहे. आणि मुलींची फी आता माफच आहे ना?” तुझे बाबा शेजारीच होते आणि त्यांना पहाटे चारला टेम्पो घेऊन मार्केट यार्डात जायचे होते, म्हणून मी विषय तिथेच थांबवला. ती दोन वाक्ये मात्र डोक्यातून गेली नाहीत. असे विषय फोनवर निघाले की तू “हो, हो” म्हणत राहतेस आणि माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

तू पाठवलेला उत्तरपत्रिकेचा फोटो मी आज आपले अर्ज भरायचे केंद्र बंद केल्यावर मोठ्या स्क्रीनवर उघडून सावकाश पाहिला. तिसरा प्रश्न प्रोजेक्टाईलचा आहे. रेंजचे सूत्र तू अचूक लिहिले आहेस : यू वर्ग, गुणिले साइन दोन थीटा, भागिले जी. कोन ३० अंशांचा दिला आहे, म्हणजे साइन ६० घ्यायचे होते आणि ०.८६६ लिहायचे होते. तू साइन ३० काढून त्याची दुप्पट केलीस, १ लिहिलेस आणि पुढे निघून गेलीस. सरांनी तिथे लाल गोल केला आहे. ही चूक त्रिकोणमितीची आहे, फिजिक्स बिचारे उगाच बदनाम झाले. त्याखालचे दोन प्रश्न मात्र कोरे आहेत आणि मला नऊ गुणांपेक्षा तेच अधिक खटकले, कारण चुकलेले उत्तर समोर असले तर निदान कुठे अडले ते कळते.

आता तुझे पहिले वाक्य. अकरावीला सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, विचारते. पीसीएमच्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात आणि त्यांतले साधारण २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर येतात. म्हणजे प्रत्येक विषयाचे दहा प्रश्न. मॅथ्सच्या प्रश्नाला दोन गुण असल्याने हिशेब दहा, दहा आणि वीस असा होतो, म्हणजेच २०० पैकी ४० गुण. हे चाळीस गुण तू आत्ता ज्या वर्गात बसली आहेस त्या वर्गाचे आहेत. एका गटाला चार लाख मुले बसली असे धरले, तर एक पर्सेंटाईल (शंभरातली किती मुले आपल्या मागे आहेत तो आकडा) म्हणजे चार हजार मुले होतात. चाळीस गुण सोडून दिल्यावर आपल्या पुढे किती हजार मुले जातील, हे तूच मांडून पाहा.

आणि हे फक्त चाळीस गुणांचेही नाही. बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे आणि अकरावीचे लॉज ऑफ मोशन कच्चे असलेल्या मुलाला तो धडा नुसता पाठ करावा लागतो. लिमिट्स समजले नसतील तर डेरिव्हेटिव्हमध्ये फक्त सूत्रांची यादी उरते. आज तू साइन २ थीटाची जी गफलत केलीस, ती बारावीच्या ट्रिगॉनॉमेट्रिक फंक्शन्समध्ये पुन्हा तुझ्यासमोर येऊन उभी राहील आणि तेव्हा तिला वेळ द्यायला तुझ्याकडे बोर्डाची प्रॅक्टिकल्स, जर्नल आणि सराव परीक्षा यांच्यामधून दिवस निघणार नाही.

दुसऱ्या वाक्याबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण ते वाक्य हल्ली माझ्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण माफ करते. पूर्वी ही सवलत निम्मी होती. निर्णय फार मोलाचा आहे आणि माझ्या वेळी तो असता तर मी आज कदाचित दुसऱ्यांचे अर्ज भरत बसले नसते. पण लोकांनी त्याचा अर्थ असा लावला आहे की, आता मुलींना गुण लागत नाहीत. एका गृहस्थांनी तर मुलीच्या देखत मला सांगितले, “आमच्या पोरीला आता टेन्शन नाही, कुठंही घातली तरी फुकटच.” मी त्यांचा अर्ज मुकाट्याने भरला, पण त्या “कुठंही” या शब्दाने माझा दिवस खराब केला.

नीट विचार कर. ही सवलत कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेलाच आहे, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही, आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजे जी मुलगी गुणवत्ता यादीतून आत जाते तिचीच फी माफ होते. शिवाय माफी सगळीकडे सारखी आहे. पुण्याचे सीओईपी असो, सांगलीचे वालचंद असो, नांदेडचे एसजीजीएस असो, की जिथे दरवर्षी निम्मे वर्ग रिकामे राहतात आणि प्रयोगशाळेच्या यंत्रांवरची धूळ फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी झटकली जाते असे एखादे कॉलेज असो, तुझ्या घरातून जाणारी शिक्षण फी शून्यच. पूर्वी चांगल्या कॉलेजात नंबर लागूनही पैशासाठी मुलगी मागे राहायची. आता पैशाची ती भिंत तुझ्यापुरती शासनाने पाडली आहे, त्यामुळे तू कोणत्या वर्गात बसणार हे जवळजवळ पूर्णपणे तुझ्या पर्सेंटाईलवर आले आहे. फी माफ झाल्याने गुणांची किंमत कमी झाली असे लोक म्हणतात. मी माझ्या खुर्चीवरून पाहते, तर ती वाढलेली दिसते.

टीएफडब्ल्यूएस नावाच्या फीमाफीच्या जागांबद्दल तू विचारले होतेस. त्या सर्वांसाठी खुल्या असतात, उत्पन्नाची अट आठ लाखांचीच, पण त्या मंजूर जागांच्या पाच टक्के असतात. साठ मुलांच्या शाखेत किती, तर तीन. त्या तीन खुर्च्यांसाठी मुले अशी तुटून पडतात की, त्यांचा कटऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा वर जातो. तुला त्या वाटेने जायची गरज पडू नये, पण गेल्या वर्षी एका मुलाची कॅपमधली पसंतीक्रमाची यादी मी भरत होते, तेव्हा त्याचे वडील त्या तीन खुर्च्यांकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर मला ओळखीची होती.

ओळखीची का, ते तुला कधी नीट सांगितले नव्हते. माझी बारावी १९९८ची. त्या काळी इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर व्हायचे आणि खासगी कॉलेजांत कमी फीची फ्री सीट आणि जास्त फीची पेमेंट सीट असे दोन भाग असत. दहावीला मी तालुक्यात नाव काढले होते, त्यामुळे अकरावीचे वर्ष मी “जरा दम खाऊ” म्हणून घालवले. आमच्या वर्गात सगळ्यांनी तेच केले. बारावीला धावत सुटले, पण मॅथ्सने जिथे पकडायचे तिथे पकडले. फ्री सीटच्या यादीत माझे नाव थोडक्यात हुकले आणि पेमेंट सीटवर लागले. आप्पांनी फीचा कागद दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि गोठ्याकडे निघून गेले. रात्री जेवताना त्यांनी एवढेच विचारले, “बी. कॉम.ला काय लागतं?” तो कागद पुढे कितीतरी दिवस बंडीबरोबर धुतला जाऊन त्याचा लगदा होईपर्यंत खिशातच होता. कपडे मीच धूत होते. मी आप्पांना कधी दोष दिला नाही, आणि त्यांनीही मला एका शब्दाने विचारले नाही की, अकरावीत तू काय करत होतीस.

हे सांगून तुझ्यावर ओझे टाकायचे नाही. माझे राहिलेले तू पूर्ण करावेस असे मला मुळीच वाटत नाही, आणि तुला इंजिनिअर व्हायचेच नसेल तर तेही मला चालेल. मागच्या सुट्टीत तू गच्चीवर शनी दाखवत दोन तास बडबडत होतीस, तेव्हाच मला शंका आली होती. तसे असेल तर लवकर सांग, कारण त्या रस्त्याची दारे वेगळी आहेत. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची, पण ती बोर्डाच्या गुणांवर मिळवायची तर बारावीत वरच्या एक टक्क्यात यावे लागते. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीचेही तसेच आहे : बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत नाव हवे, कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे, म्हणजे पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र फीमाफी घेतली की ही शिष्यवृत्ती घेता येत नाही. तुझ्या खोलीतल्या मुली “बोर्डाचं काही नसतं गं, सीईटी बघ” असे म्हणतात ना, त्यांना हे एकदा वाचून दाखव. बोर्डाच्या फिजिक्समधले ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. जर्नल वेळच्या वेळी लिहिले, प्रयोग स्वतःच्या हाताने केला, तर ते गुण जवळजवळ आपलेच असतात, आणि दरवर्षी मुले ते आळसाने घालवतात.

तुला शिष्यवृत्तीची चव माहीत नाही असेही नाही. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास करताना बौद्धिक चाचणीतल्या आरशातल्या आकृत्या तुला जमत नव्हत्या, तेव्हा तू माझा कुंकवाचा आरसा घेऊन ओट्याखाली बसायचीस आणि प्रत्येक आकृती वहीत काढून आरसा शेजारी उभा धरून पाहायचीस. आठ-दहा दिवसांनी आरसा न घेताच उत्तरे यायला लागली. त्याचे महिन्याला हजार रुपये, म्हणजे वर्षाचे १२,००० रुपये तुला नववीपासून मिळत आहेत आणि बारावीपर्यंत मिळतील, पण अकरावीतून बारावीत पहिल्या प्रयत्नात स्वच्छ पास होऊन जायची अट त्यात आहे. तेव्हा “कॉलेजचीच परीक्षा” म्हणून जिची तू बोळवण केलीस, तिलाही पैशाचे मोल आहे. लातूरला तुझी मेस त्याच पैशातून काही महिने भागते, हे तुला ठाऊक आहे.

लातूरचे नाव मोठे आहे आणि तिथे रोज चाचण्या असतात, म्हणून आम्ही तुला पाठवले. पण चाचणी झाल्यावर चुकलेले उत्तर कुणी परत सोडवत नसेल, तर दहा चाचण्या म्हणजे दहा वेळा तीच चूक. चौदा तास अभ्यास कर असे मी कधी म्हणणार नाही, मला ते आकडे सांगणारी मुले खरीही वाटत नाहीत. माझी मागणी लहान आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी चुकलेली दोन उदाहरणे वेगळ्या वहीत पूर्ण सोडव, वर तारीख टाक, आणि चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते शेजारी एका वाक्यात मराठीत लिही. इंग्रजी शब्द आठवत बसू नकोस. आजची ओळ मीच तुला लिहून देते : “साइन २ थीटा म्हणजे साइन थीटाची दुप्पट नव्हे.” आणि केमिस्ट्रीत मोल कन्सेप्ट कळत नसेल, तर सरांना वर्ग संपल्यावर गाठ. लाजू नकोस, तिथे सगळ्याच तालुक्यांतून आलेल्या मुली आहेत.

कागदपत्रांची काळजी तू करायची नाही, तो माझा धंदाच आहे. मागच्या हंगामात एका मुलीला चांगली शाखा मिळाली आणि तिच्याकडे कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचे प्रमाणपत्र, नव्हती. आई-वडील मुदतीच्या शेवटच्या दिवशी माझ्या दुकानात रडत उभे होते आणि मला त्यांच्यासाठी फार काही करता आले नाही. तुझी व्हॅलिडिटी कॉलेजमार्फत याच वर्षी टाकायची आहे, त्याची फाईल मी तयार केली आहे. नॉन-क्रीमी लेयर आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला त्या-त्या वेळी नवा काढीन. बँक खाते आधारशी जोडलेले आहे, मी तपासले. पुढे वसतिगृह लागले तर अल्पभूधारकांच्या मुलांसाठीच्या पंजाबराव देशमुख योजनेतून निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करू. बाबांच्या नावावरचा सव्वा एकर त्यासाठी कामाला येईल, शेतीतून तर तो काही देत नाही.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने ये. येताना शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत, कॉलेजचे बोनाफाईड आणि ती फिजिक्सची उत्तरपत्रिका, तिन्ही एकाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून आण. कोरे सोडलेले दोन प्रश्न आपण ओट्याशी बसून सोडवू. माझे लॉज ऑफ मोशन २५ वर्षांहून जुने आहेत, पण न्यूटनने त्यात काही बदल केल्याचे ऐकिवात नाही. शेंगाचटणी केली आहे, लसूण कमी घातला आहे.

तुझी,
आई

ता. क. अर्जासाठी नवे फोटो काढशील तेव्हा केस कपाळावर घेऊ नकोस. मागचा फोटो पोर्टलने दोनदा परत पाठवला होता.