स्पोर्टी गाडीला दहा लाख कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'स्पोर्टी' गाड्यांची यादी आली होती. तिची सुरुवातच दहा लाखांपासून. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, दिवसभर हातात व्हर्नियर असतो आणि गाड्यांचा नाद शाळेपासूनचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कात्री लावायची तर खुशाल लावा.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडच्या माणसाला चालवायला मजा देणारी गाडी हलकी हवी, मॅन्युअल हवी आणि गल्लीतल्या मेस्त्रीला उघडता यायला हवी. अश्वशक्तीचा आकडा त्यानंतर.

हायवेवर काहीही पळतं. गाडी कळते ती कणकुंबी सोडून गोव्याकडे चोर्ला घाट उतरायला लागलं की, नाहीतर शिनोळीवरून आंबोली घाटाकडे जाताना. वळणात शिरायच्या आधी दुसरा गिअर टाकला की इंजिननंच गाडी धरून ठेवली पाहिजे. सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांचा जळका वास घाटाखालच्या केरीला पोचेपर्यंत मागच्या गाडीत येतो. चढताना उलटं. चौघं बसलेत, एसी चालू आहे, पुढे रेतीचा ट्रक आहे. अशा वेळी दुसऱ्यात ओढ मिळते का, हे ब्रोशर सांगत नाही.

वजनाचा हिशेब तर कुणी करतच नाही. 2021 ची स्विफ्ट घ्या. 1.2 लिटरचं इंजिन, 90 पीएस (म्हणजे अश्वशक्तीच), वजन नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला शंभर पीएस. ब्रेझाचं 1.5 लिटरचं इंजिन 103 पीएसचं, पण वजन अकराशेच्या पुढे. टनाला नव्वदच्या घरात येतं. त्यात गाडी उंच, वळणात अंग टाकते. माझा भाचा शोरूममध्ये सनरूफ बघून पाघळला, त्याला हा हिशेब मी बिलाच्या पाठीवर मांडून दाखवला. तो म्हणाला, "मामा, खड्ड्यांचं काय?" मुद्दा बरोबर आहे. पण त्यासाठी साडेपाच फूट उंच गाडी लागत नाही. टायरात हवा नेमकी ठेवली आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर) वेळेवर बदलले की स्विफ्टही जांबोटीचा रस्ता काढते.

लहान गाड्यांत सगळीकडे 1.2 लिटरचं किंवा 1.0 लिटरचं टर्बो इंजिनच का दिसतं, हेही पुरवणीत यायला हवं होतं. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असलं की कर कमी. ही सवलत 2006 पासूनची. सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीला 18 टक्के जीएसटी आहे आणि त्या मापाबाहेर गेलात की 40. त्यामुळे कंपन्यांना जे काही करायचं ते या चौकटीत बसवावं लागतं. वर आपल्या कर्नाटकाचा रोड टॅक्स. पाच ते दहा लाखांच्या गाडीला 14 टक्के, दहाच्या वर गेलात की 17, शिवाय उपकर वेगळा. शिनोळीपलीकडे महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के. आपल्याकडे कोल्हापूरच्या एमएच-09 पाट्या इतक्या का दिसतात, ते आरटीओला सांगायची गरज नाही. (परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर नोंदणी बदलावी लागते, हेही त्यांना ठाऊक असतं.)

स्वस्त आणि चपळ गाड्या कंपन्यांनी दिल्याच नाहीत असं नाही. 2001 ची फियाट पालिओ 1.6, शंभर अश्वशक्तीची. पेट्रोल मात्र ढसाढसा प्यायची. 2017 ची बलेनो आरएस, मागेही डिस्क ब्रेक. 2018 ची टियागो जेटीपी. 2021 ची आय20 एन लाइन, जिला आधी क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स होता आणि साधा मॅन्युअल 2023 मध्ये मिळाला. 2024 ची अल्ट्रोझ रेसर, 120 पीएस आणि सहा गिअर. कौतुक सगळ्यांनी केलं, चेक मात्र दुसरीकडेच फाडला. मग कंपन्या तरी किती दिवस दुकान मांडून बसणार?

म्हणून माझा सल्ला सेकंड हँडचा. फोक्सवॅगनची पोलो मला फार आवडते. स्टिअरिंगला वजन, दाराचा आवाजही भारदस्त. पण तिचा सात गिअरचा ड्राय क्लचवाला ऑटोमॅटिक जुना झाला आणि बिघडला, तर एस्टिमेट बघून घाम फुटतो. 1.0 टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल मिळाली तर जरूर बघा. डिझेल हवं असेल तर ते 1.3 मल्टिजेट. मूळ फियाटचं, स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळीकडे तेच. 2000 आरपीएमच्या खाली पेंगतं, वर गेलं की पाठीत धपाटा बसतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत ते खोललं नाही असा मेस्त्री विरळाच. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल बंद केलं, त्यामुळे आता जुनंच शोधायचं.

शोधताना दोन गोष्टी पाहाव्यात. गोव्याची गाडी असली तर ती लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघा, खाऱ्या हवेनं सांध्यांत गंज धरलेला असतो. आणि कोल्हापूर-सांगलीकडची असली तर 2019 आणि 2021 चे पूर आठवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. सीट धुतात, मॅट बदलतात, पण गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची तपकिरी रेघ तशीच राहते. ती दिसली की चहासुद्धा न घेता उठायचं.

पाच लाखांत नीट जपलेली मॅन्युअल स्विफ्ट, चार चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. आपल्या घाटाला याहून स्पोर्टी काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मध्यंतरी एका शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह मागितली, तर मॅन्युअल गाडीच नव्हती. ऑटोमॅटिक दिली आणि सरळ रस्त्यावरून नेऊन परत आणली. घाटाचं नाव काढलं तर सेल्समन हसला. ही सोय आपण करू शकता. पुढच्या वेळी पुरवणीसाठी गाडी मिळाली की चौघं बसून, एसी लावून चोर्ला चढवा-उतरवा. आणि छापताना सनरूफच्या फोटोशेजारी क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर आणि ब्रेक पॅडची मजुरीसकट किंमतही द्या.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव